हजार शब्दांत मावेल का एक खोरं?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग छोटा आहे, आणि तो छोटं लिहिण्याबद्दलच आहे.

पावसाळ्यात मुळशीला कोण कोण जाऊन आलंय? धुकं, गरम भजी, ताम्हिणीतली एक रील. बरं, आणि कोलाडला राफ्टिंग? आता गंमत ऐका. या दोन्ही सहलींमधलं पाणी एकच आहे.

मुळा ही मूळची पूर्वेला जाणारी नदी. पुण्यातून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. मुळशीच्या धरणाने ती अडवली आणि तिचं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला, खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. त्याच पाण्यावर कोलाडच्या बोटी उन्हाळ्यातसुद्धा चालतात. म्हणजे माणसाने एका नदीचा समुद्रच बदलला!

माणूस आणि निसर्ग यांनी एकमेकांना कसं बदललं, याचा शोध म्हणजे पर्यावरणाचा इतिहास. यावर जाडजूड ग्रंथ आहेत. पण बसमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर वाचणाऱ्या माणसासाठी काय आहे?

जर्मनीत म्यूनिकला रेचल कार्सन सेंटर आहे. तिथून ‘आर्केडिया’ नावाचे छोटे, सचित्र लेख निघतात. एक जागा, एक घटना, एक गोष्ट. लेख छोटे असले तरी ते आधी तज्ज्ञ तपासतात, आणि मग कुणालाही फुकट वाचता येतात. ज्यांचं नाव या संस्थेला दिलंय त्या कार्सनबाईंनीही हेच केलं होतं. कीटकनाशकांवरचं त्यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली आलं, पण पुस्तकाआधी ते ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात क्रमशः छापलं गेलं होतं. ते शास्त्रज्ञांपुरतं राहिलं नाही, घराघरात वाचलं गेलं.

म्हटलं, आपणही करून बघू. विषय ठरला मुळशी सत्याग्रह आणि मर्यादा हजार शब्दांची.

पहिल्या खर्ड्यातच चार हजार शब्द झाले. मग कात्री घेतली. उरलं ते असं : मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटा कंपनीने मुळशीत धरण बांधायला घेतलं. सरकारने १८९४च्या भूसंपादन कायद्याने जमिनी कंपनीला द्यायचं ठरवलं. आंबेमोहर पिकवणारी मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते, बायकाही मागे नव्हत्या. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. १९२४पर्यंत लढा संपला आणि खोरं बुडालं.

छान झालं ना? मलाही तसंच वाटलं होतं. एकीकडे कंपनी, दुसरीकडे शेतकरी, मधे धरण. वाचून दाखवायला सोपं, डोळ्यांत पाणी आणणारं.

लेख फिरला. चार दिवसांनी त्याच भागातल्या एका मुलाचा मेसेज आला. “ताई, छान लिहिलंय. पण आमच्या पणजोबांची जमीन धरणाच्या आधीच सावकाराकडे गेली होती. मग नुकसानभरपाई कुणाला मिळाली, ते का नाही लिहिलं?”

खरं सांगू? ते मला माहीत होतं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलंय, त्यात हे सविस्तर आहे. पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेली होती आणि कसणारे मावळे तिथे कुळं म्हणून राबत होते. भरपाईचा भाव ठरायला लागला तसे जमीनमालक आणि कुळं यांचे रस्ते वेगळे झाले. लढा मोडण्याचं हे एक मोठं कारण. माझ्या चार हजार शब्दांत ते होतंच. मीच कापलं होतं, गोष्ट सरळ राहावी म्हणून.

त्या रात्री लेख परत उघडला. धुक्याचं वर्णन होतं, माझ्या आवडीचं, ऐंशीएक शब्दांचं. ते काढलं. त्या जागी तीन वाक्यं घातली : जमीन कसणारा एक होता आणि कागदावर नाव दुसऱ्याचं होतं. पैसे कागदावरच्या नावाला मिळाले. कसणाऱ्याच्या वाट्याला पाणी आलं.

लेख अजूनही हजार शब्दांतच आहे. पण आता त्या मुलाचे पणजोबा त्यात आहेत.

यातून मी जे शिकले ते तुमच्यासाठी. छोटं लिहिताना काय कापता येईल हे विचारूच नका, सगळंच कापता येतं. हे कापल्यावर गोष्टीतून कोण नाहीसं होतंय, ते विचारा. वर्णन गेलं तर लेख थोडा कोरडा होईल. माणूस गेला तर लेख खोटा होईल, मग त्यातली एकेक तारीख बरोबर का असेना.

आणि आणखी एक. हे मराठीत लिहिलं नसतं तर तो मेसेज आलाच नसता. इंग्रजी जर्नलमध्ये माझी चूक कुणाला दिसली असती? ज्यांची गोष्ट आहे त्यांना ती वाचता आली, तरच ते ती दुरुस्त करू शकतात. सोपं आणि छोटं लिहायचं ते म्हणूनच.

आता तुमची पाळी. तुमच्या गावचं तळं, बुजलेला ओढा, तोडलेली देवराई, काहीही घ्या. घरातल्या आजीला विचारा, जुना सातबारा बघा, मग हजार शब्द लिहा. आणि लिहून झालं की आधी आजीलाच वाचून दाखवा. तिचं “असं नव्हतं गं!” ऐकायची तयारी ठेवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!