वाईनची द्राक्षे : लागवडीआधी करार



केळीला जोड म्हणून वाईनची द्राक्षे लावावीत काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येतो. त्याविषयी थोडे सांगतो.

इटलीतील टस्कनी प्रांताचा सांजोव्हेजे हा वाण आज सोलापूर जिल्ह्यात, अकलूज परिसरात घेतला जातो. इटालियन भागीदार असलेल्या फ्रातेली कंपनीचे मळे तेथे आहेत. इटलीत वेल हिवाळ्यात विश्रांती घेतो व शरदाच्या तोंडाशी तोडणी होते. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी होते.

खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उष्णता सोसणारे वाण भूमध्य समुद्राकाठी आहेत. सिसिलीचा नेरो दाव्होला, सार्डिनियाचा कान्नोनाऊ ही त्यांची नावे. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर तर वेल जमिनीलगत टोपलीसारखा वळवतात, म्हणजे आतले घड वाऱ्या-उन्हापासून वाचतात. मात्र तेथला वाण येथे रुळेलच असे नाही. प्रथम दोन-चार ओळीच लावून पाहाव्यात.

त्या भागात वाईन जेवणाबरोबर घेतात आणि गावची वाईन गावच्या जेवणाशी जुळते, जसे आपले भरीत आणि कळण्याची भाकरी! इटलीत १९६३ च्या कायद्यापासून ठराविक प्रदेशाचे नाव लावायचे तर वाण आणि हेक्टरी कमाल उत्पादन यांचे बंधन पाळावे लागते. जादा माल काढण्याची आपली सवय येथे नडते. घड जास्त ठेवले की साखर व रंग उतरतो. या द्राक्षांना साधारण २० ते २४ ब्रिक्स साखर लागते.

आता मुख्य मुद्दा. ही द्राक्षे बारीक, जाड सालीची, बियांची. खायच्या द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा करता येतो, पण हा माल कारखान्याने नाकारला तर बाजारात कोणी विचारत नाही. राज्याचे २००१ चे द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यावर लागवड वाढली. २००८-०९ मध्ये मागणी घटली, माल पडून राहिला आणि अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. मांडव-ठिबकचा खर्च मात्र अंगावर राहिला.

म्हणून कलम आणण्याआधी लेखी करार करा. त्यात दर, किती वर्षांची हमी, ब्रिक्स कोण व कोठे मोजणार, कमी भरल्यास किती कपात, वाहतूक कोणाची, पैसे किती दिवसांत, हे सारे लिहून घ्या. कारखाना किती लांब आहे तेही पाहा. तोडलेला माल उन्हात तासन्‌तास राहिला तर ट्रॉलीतच आंबू लागतो. तोडणी पहाटेच उरकावी.