मरणोन्मुख बंदिवान आणि आपलें कर्तव्य



धर्मग्रामाच्या उत्सवदिनीं आनंदाच्याच गोष्टी बोलाव्या, हें खरें. तथापि आपल्या पंक्तीस जो येऊं शकत नाहीं, त्या मरणोन्मुख बंदिवानाचा विषय आज आम्हीं मुद्दाम घेतला आहे.

येशूसंघीय धर्मगुरु फादर स्टॅन स्वामी ह्यांचें नांव आपणांस परिचित आहे. झारखंडांतील आदिवासींची त्यांनीं अनेक वर्षें सेवा केली. भीमा-कोरेगांव प्रकरणीं ८ ऑक्टोबर २०२० रोजीं त्यांस रांची येथें अटक झाली व तळोजा कारागृहांत ठेवण्यांत आलें. वय ८३, शरीर कंपवातानें जर्जर. हातांत पेला धरवेना, म्हणून पिण्याची नळी मिळावी, एवढ्यासाठीं त्यांस न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. सहबंदी त्यांस भरवीत व स्नान घालीत. २१ मे २०२१ रोजीं त्यांनीं उच्च न्यायालयास विनविलें कीं, सरकारी रुग्णालयांत धाडण्यापेक्षां अंतरिम जामीन देऊन आपल्या माणसांत राहूं द्यावें. पुढें न्यायालयाच्या आज्ञेनें त्यांस वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयांत हलविलें. परंतु बंदी म्हणूनच. ५ जुलै २०२१ रोजीं जामिनाची सुनावणी निघाली, तों त्यांच्या मृत्यूची वार्ता न्यायासनापुढें आली. खटल्यास आरंभहि झाला नव्हता.

कोणी म्हणेल, आरोप गंभीर होता. बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्याखालीं आरोप सकृद्दर्शनीं खरा वाटल्यास जामीन मिळत नाहीं, हेंहि खरें. सामान्य फौजदारी कायद्यांत मात्र आजारी व दुर्बल आरोपीस जामीन देण्याची मुभा पूर्वींपासून आहे. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि ती कायम आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दोष आहे कीं नाहीं हा एक प्रश्न, आणि मरणाऱ्याची शुश्रूषा हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरासाठीं दुसरा थांबत नाहीं. ज्यास पेला उचलवत नाहीं, तो पळून कोठें जाणार? न्यायालयाची तारीख पुढें ढकलतां येते. मरणाची येत नाहीं.

बंदिवानाची भेट ती आपलीच भेट, असें प्रभूनें मानिलें आहे. तेव्हां आपण तुरुंगांतील रुग्णांस भेटावें, पत्रें लिहावीं, निर्धनास वकील व जामीनदार मिळवून द्यावा. आणि सुटून येणाऱ्यासाठीं एक खाट व एक शुश्रूषा करणारा हात तयार ठेवावा. कारण घराचें दार उघडलें नाहीं, तर तुरुंगाचें दार उघडून काय उपयोग?

परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धि व सामर्थ्य देवो.