दाबाच्या खोलीतील प्राणवायू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एका भगिनीने काहीतरी उपयोगाचे बोलावे असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा जडजड शब्द माझ्याकडून येणार नाहीत. विषय मात्र जरा मोठा घेतला आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. आमच्या आळीत गेले काही महिने एकच बोलणे चालले आहे की पुण्या-मुंबईला ऑक्सिजनच्या पेटीत बसवतात आणि सडत आलेला पाय वाचतो. एका शेजारणीच्या सासूबाईंच्या पायाची जखम भरेना, तेव्हा या पेटीसाठी तिने पाटल्या मोडायला काढल्या होत्या. यात खरे किती आणि ऐकीव किती, हे कळावे म्हणून मी आमच्या डॉक्टरांना विचारून घेतले, मुलांकडून वाचून घेतले. ते सांगते.

आपल्या भोवतालच्या हवेत शंभर भागांत एकवीस भाग प्राणवायू असतो. तो श्वासाबरोबर फुप्फुसात जातो आणि रक्तातल्या तांबड्या पेशी त्याला अंगभर पोचवतात. या पेशी म्हणजे हमाल समजा. निरोगी माणसाचे हे हमाल एरवीच जवळजवळ भरलेले असतात. म्हणून नळीने आणखी प्राणवायू दिला तरी त्यांच्या पाठीवर फारसे जास्त ओझे चढत नाही.

मग दाबाने काय होते? गड्ड्याच्या यात्रेत आपण गोळीचा सोडा पितो तो आठवा. बाटलीची गोळी वर असते तोवर पाणी कसे शांत दिसते! वायू त्या पाण्यातच असतो, पण दाबामुळे विरघळलेला असतो. गोळी आत ढकलली, दाब सुटला, की फसफस बुडबुडे. जितका दाब अधिक तितका वायू पाण्यात अधिक विरघळतो, हा नियम हेन्री नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ साली मांडला. आपल्या रक्तातही पेशींखेरीज पाण्यासारखा पातळ भाग असतो. एरवी त्यात प्राणवायू नावालाच असतो, शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे पाव-तीस शतांश मिलिलिटर. पण माणसाला बंद खोलीत बसवून दाब नेहमीच्या तिप्पट केला आणि श्वासाला शुद्ध प्राणवायू दिला, तर हाच आकडा सहाच्या आसपास जातो. स्वस्थ पडलेल्या शरीराला तेवढा जवळजवळ पुरतो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या बूरेमा नावाच्या शल्यवैद्यांनी १९६० च्या सुमारास डुकराच्या पिलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी बहुतेक सगळ्या काढून टाकल्या, आणि तरी दाबाच्या खोलीत ती पिले जिवंत ठेवून दाखवली. म्हणजे हमाल संपावर गेले तरी माल पोचला!

उपचारात दाब बहुधा दोन ते अडीचपट ठेवतात. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत साधारण दुप्पट दाब असतो. घाबरू नका, इथे उष्णता नसते, माणूस शिजत नाही. एक बैठक दीड-दोन तासांची. दाब हळूहळू चढवतात आणि हळूहळूच उतरवतात. चढताना कानात दडे बसतात, घाट उतरताना बसतात तसे, म्हणून आवंढा गिळायला सांगतात. कोठे एकाच माणसाची पारदर्शक नळकांड्यासारखी पेटी असते, कोठे पुष्कळांची मिळून खोली.

ही विद्या मूळची पाणबुड्यांची. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो, आणि माणूस झटकन वर आला की सोड्यासारखे बुडबुडे रक्तात, सांध्यांत उठतात. त्याने लकवाही होतो. अशा माणसाला पुन्हा दाबाखाली नेऊन सावकाश वर आणावे लागते. आपल्या महाराष्ट्रात म्हणून ही सोय मुंबईला कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. सोलापूरला समुद्र कुठला, असे तुम्ही म्हणाल. पण हल्ली आपलीच मुले सुटीत मालवण-तारकर्लीला जाऊन पाण्याखाली उतरतात, तेव्हा हे कानावर असू द्यावे.

आता आपल्या घरातली गोष्ट. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो तांबड्या पेशींना प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. हमालांच्या पाठीवर भलतेच गाठोडे बसले, मग प्राणवायू कोण नेणार? डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरनेही हेच होते. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून, फटींना फडकी कोंबून शेगडी ठेवायची चाल अजून काही घरांत आहे, ती मला मुळीच मान्य नाही. शेक द्या, पण खिडकी उघडी असू द्या. पोटातल्या बाळाला तर हा वायू आईपेक्षा जास्त बाधतो. आगीच्या धुरातही हाच असतो. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याला आग लागून आठ जीव गेले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. आगीत पुष्कळदा ज्वाळेच्या आधी धूरच माणसाला आडवा करतो.

हा वायू रक्तातून निम्मा उतरायला साध्या हवेत चार-पाच तास लागतात, तोंडावर मास्क लावून शुद्ध प्राणवायू दिला तर तास-सव्वा तास, आणि दाबाच्या खोलीत अर्ध्या तासाच्याही आत. अमेरिकेत २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चोवीस तासांत तीन वेळा दाबाखाली ठेवलेल्या रोग्यांत सहा आठवड्यांनी स्मरणाचे-विचाराचे दोष शंभरात पंचवीस जणांना राहिले, एरवीच्या उपचारात सेहेचाळीस जणांना. सर्वच प्रयोगांत इतका फरक दिसलेला नाही, तरी बेशुद्ध झालेला माणूस आणि गर्भार बाई यांच्याबाबतीत डॉक्टर या उपचाराचा विचार करतात. पण पुणे आपल्यापासून अडीचशे किलोमीटर. म्हणून आधी दारे उघडा, माणसाला बाहेर आणा आणि लगेच सिव्हिलमध्ये न्या. मास्कने प्राणवायू तिथेच सुरू होतो. पेटी शोधण्यात तो वेळ दवडू नये.

आणखी कशाकशाला हे वापरतात ते भरभर सांगते. माती लागलेल्या खोल जखमेत होणारा गॅस गँगरीन, कारण त्याच्या जंतूंना प्राणवायू सोसत नाही. मात्र सडका भाग कापणे आणि औषधे ही आधी. कॅन्सरला लाईट दिल्यानंतर, म्हणजे किरणोपचारानंतर, काही महिन्यांनी-वर्षांनी मूत्राशयातून किंवा गुदद्वारातून रक्त जाऊ लागते किंवा जबड्याचे हाड झिजते, त्यालाही. चिरडलेला हात-पाय, न जगणारी कातडीची कलमे, हट्टी हाडव्रण. एकाएकी एक कान बहिरा झाला तर गोळ्यांच्या जोडीने, तेही पहिल्या दोन आठवड्यांत. कान आपोआप सुटेल म्हणून महिनाभर तेल घालीत बसू नये.

आता पाय. मधुमेहात पायाच्या बारीक नसा बधिर होतात, खडा टोचला तरी कळत नाही, आणि रक्तवाहिन्याही अरुंद होतात. जखमेपर्यंत प्राणवायू पोचत नाही, म्हणून ती भरत नाही. दाबाखाली विरघळलेला प्राणवायू तिथवर झिरपतो, नव्या केशवाहिन्या फुटायला मदत होते, अशी ही कल्पना. वीस ते चाळीस बैठका लागतात, म्हणजे महिना-दीड महिना परगावी राहणे आले. स्वीडनमध्ये २०१० साली ९४ रोग्यांवर प्रयोग झाला, त्यात वर्षाअखेर शंभरात बावन्न जणांची जखम भरली, नुसत्या हवेच्या दाबात बसवलेल्यांची एकोणतीस. पण २०१६ साली कॅनडात आणि २०१८ साली हॉलंडात झालेल्या प्रयोगांत पाय कापण्याची वेळ ठळकपणे कमी झाल्याचे दिसले नाही. मला यातून एवढे समजले की निवडलेल्या रोग्याला, बाकी सारे उपचार चालू ठेवून, याचा उपयोग होऊ शकतो. पाटल्या मोडून आधी पेटीत जाऊन बसावे असे ते नाही.

त्या शेजारणीला डॉक्टरांनी हेच सांगितले. आधी पायाची नाडी तपासली, तर मांडीतली रक्तवाहिनीच तुंबलेली निघाली. नळच बंद, मग टाकी कितीही भरा! ती वाहिनी मोकळी केली, साखर आटोक्यात आणली, जखमेवर भार येऊ नये असे पायताण दिले. एक बोट गेले, पाय राहिला. पेटीची गरज पडली नाही. पाटल्यांपैकी एक मात्र शस्त्रक्रियेला लागलीच.

कोणाला जायचेच झाले तर तीन गोष्टी विचारा. रक्तवाहिनी तपासली का? कातडीवर चकती लावून तिथला प्राणवायू मोजतात, तो दाबाखाली वाढतो का? आणि छातीचा फोटो काढला का? कारण फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर दाब जिवावर बेततो. काहींना चष्म्याचा नंबर काही आठवडे बदलतो, क्वचित झटकाही येतो.

आणि हो, तारुण्य येते, कॅन्सर जातो, मुलांचा स्वमग्नपणा जातो, अशा जाहिराती येऊ लागल्या आहेत. त्याला पुरावा नाही. अमेरिकेत २०२५ च्या जानेवारीत असाच उपचार घेत असलेला पाच वर्षांचा मुलगा पेटीला आग लागून गेला. १९९७ साली मिलानच्या रुग्णालयात अकरा जण गेले. भरपूर प्राणवायूत एक ठिणगी पुरते. म्हणून आत मोबाइल नाही, केसांना तेल नाही, अत्तर नाही, नायलॉनचे लुगडे नाही. फक्त सुती चालते, आणि सुताची आपल्या सोलापूरला वाण नाही.

मी बरोबर हातआरसा आणला आहे. चहा होईपर्यंत ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी आतल्या खोलीत यावे. तळवा स्वतःला दिसत नाही, तो आरशात कसा पाहायचा ते एकेकीला दाखवते. चपला बाहेर काढू नका, आतपर्यंत घालूनच या.