गाडी नावावर झाली का?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यासाठी आपल्या ग्रुपवर रोज सकाळी येणारे फॉरवर्ड पुरेसे आहेत. पण त्याच ग्रुपवर दर आठवड्याला एक प्रश्न हमखास येतो. "२०१८ चं मॉडेल, सिंगल ओनर, साडेचार लाख म्हणतोय, घेऊ का?" मग चाळीस जणांची चाळीस उत्तरं, दोघांचं भांडण, आणि मूळ प्रश्न विचारणारा गायब. म्हणून मी आज गाडीवर बोलणार आहे. गेल्या अठरा-एकोणीस वर्षांत स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी मिळून नऊ गाड्यांच्या खरेदीत मी होते. चार नव्या, पाच जुन्या.

माझी पहिली गाडी जुनीच होती. पुण्यात नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. कोथरूडमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका गाडी विकत होते. गाडी दाखवायच्या आधी त्यांनी चहा दिला आणि एक फाइल समोर ठेवली. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनचं प्रत्येक बिल तारखेनुसार लावलेलं. मग म्हणाले, "दोन गोष्टी आधीच सांगतो. थंडीत सकाळी दुसरा गिअर जरा अडतो. आणि डाव्या मागच्या दाराला मुलानं गेट घासलंय, तिथे रंग मारलेला आहे." किमतीत एक रुपया कमी केला नाही आणि मलाही मागावासा वाटला नाही. आठवड्याभरात आम्ही दोघं आरटीओत गेलो, सह्या केल्या, गाडी माझ्या नावावर होईपर्यंत त्यांनी तीनदा फोन केला. "झाली का नावावर?" मला तेव्हा वाटलं होतं, काका फारच काटेकोर आहेत. त्यांच्या या प्रश्नाची किंमत पुढे आमच्या घराला कळली, ते सांगतेच.

असे विक्रेते बाजारात का भेटत नाहीत, याचं उत्तर जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली एका निबंधात दिलं. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. त्याचं म्हणणं साधं आहे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा धोका धरून मधला भाव देतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो विकायलाच येत नाही. खराब गाडीवाल्याला मात्र तोच भाव उत्तम वाटतो. हळूहळू बाजारात लिंबंच जास्त उरतात. या कामासाठी त्याला २००१ साली, आणखी दोघांबरोबर, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे चांगली गाडी भाच्याला नाहीतर शेजाऱ्याला जाते. यार्डात मात्र उभी असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. "मॅडम, डॉक्टरांची गाडी आहे, फक्त घर ते दवाखाना." मी पाहिलेल्या डॉक्टरांच्या गाड्या मोजल्या तर पुण्यात रुग्णांपेक्षा डॉक्टर जास्त निघतील. (इथे बसलेल्या आपल्या वर्गातल्या दोन्ही डॉक्टरांनी माफ करावं.)

अशाच एका 'डॉक्टरांच्या' गाडीची गोष्ट. मैत्रिणीसाठी बघायला गेलो होतो. मीटरवर ३८ हजार किलोमीटर. सीट कव्हर नवीन, टायर नवीन, आत अत्तराचा घमघमाट. पण ब्रेकच्या पॅडलचं रबर एका कडेला पार गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचं कातडं चकचकीत. ३८ हजारांत एवढी झीज होत नाही. आता हा माझ्या धंद्यातला विषय आहे. हल्लीच्या गाडीतलं किलोमीटर म्हणजे एका चिपमध्ये लिहिलेली संख्या. जी लिहिता येते ती बदलताही येते, त्याला स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. पण तीच संख्या प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी वर्कशॉपच्या नोंदीत जाते, आणि ती बदलायला यार्डवाल्याचा हात पोचत नाही. आम्ही मालकाच्या परवानगीनं अधिकृत वर्कशॉपमधून जुन्या नोंदी काढल्या. तीन वर्षांपूर्वीच गाडी ९१ हजार चालली होती. यार्डवाला शांतपणे म्हणाला, "मागच्या मालकानं केलं असेल." तेच ते, डॉक्टर!

टायरवरचा चार आकडी क्रमांक बघायला शिका. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २० हजार चाललेल्या गाडीला चारही टायर नवे का, हे विचारायचं.

आणि आपण सांगलीकर, त्यामुळे पुरात बुडालेल्या गाडीबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा किती गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या ते तुम्ही पाहिलंय. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विकायला येतात, पण त्याच गावात येत नाहीत. दूर जातात, जिथे कुणाला पूर आठवत नाही. म्हणून परगावच्या नंबरची गाडी स्वस्तात मिळाली की सीटबेल्ट पूर्ण, शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढा. खालचा पट्टा कुणी धूत नाही, त्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या खालचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा टॉर्च मारून बघा. अत्तर जास्त असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा.

नवी गाडी घेतली की हे सगळं टळतं, असा समज आहे. लिंबू टळतं, पण बिल टळत नाही. सहा वर्षांपूर्वी मी नवी गाडी बुक केली तेव्हा शोरूमच्या कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' म्हणून साडेआठ हजार होते. मी विचारलं, "म्हणजे नक्की काय हँडल करता?" तो म्हणाला, "सगळेच देतात मॅडम." मी दिले नाहीत, गाडी तरीही मिळाली. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, असंही सांगतात. तशी सक्ती नाही. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, हे खरं. पण तो कुठून घ्यायचा ते आपण ठरवायचं. शोरूमचा आकडा ५८ हजार होता, तेवढंच संरक्षण मला बाहेर ४१ हजारांत मिळालं. शिवाय जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, आपला असतो. पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते आणि ती नव्या गाडीवर नेता येते. हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही.

आणि नोंदणीच्या आधी गाडी उन्हात बघा. हार-पेढे-नारळ आणि लाल कापडाखाली झाकलेली गाडी हा फोटोचा कार्यक्रम आहे, तपासणीचा नाही. माझ्या त्या नव्या गाडीच्या मागच्या दाराचा रंग उन्हात वेगळा दिसला. वाहतुकीत कुठेतरी घासून पुन्हा रंगवलेली. नोंदणी झाली नव्हती, म्हणून तीन दिवसांत दुसऱ्या चासी नंबरची गाडी आली. नंबर पडला असता तर तीन वर्षं ग्राहक मंचाच्या पायऱ्या.

आता बाबांची गोष्ट. तुमच्यापैकी बरेच जण आमच्या घरी येऊन गेलाय, बाबांना ओळखता.

२०१३ मध्ये बाबांनी त्यांची जुनी गाडी एका एजंटला १ लाख १० हजारांना विकली. रोख पैसे घेतले, टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, सह्या करून दिल्या. खरेदीदाराचं नाव कोरं. "गिऱ्हाईक मिळालं की मी भरतो," एजंट म्हणाला. तेव्हा सगळे असंच करत. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. त्या गाडीनं एका मोटारसायकलस्वाराला उडवलं होतं. गाडी मध्ये दोन हातांतून गेलेली, पण आरसीवर नाव बाबांचं. विमा संपलेला. विमा चालू असता तर भरपाई कंपनीनं दिली असती. एजंटचा फोन लागेना. त्याच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं होतं.

चार वर्षं बाबा एसटीनं तारखांना गेले. कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली तो मालक, एवढंच. केस चालू असतानाच, २०१८ च्या फेब्रुवारीत, सर्वोच्च न्यायालयाचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल आला. तिथेही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलेली होती आणि जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. आमच्या वकिलांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "तडजोड करू या." लोक अदालतीत ६ लाख २० हजारांवर मिटलं. बाबांच्या फंडाच्या ठेवीतून.

मला त्या निकालाचा फार राग होता. एका तारखेला मी बाबांबरोबर गेले, तेव्हा तो मुलगा बाकावर बसला होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. उजवा पाय सरळ होत नव्हता, आई हाताला धरून उठवत होती. त्यानं कुणाच्या मागे हिंडायचं? एजंटच्या? त्याच्या पुढच्या खरेदीदाराच्या? त्या निकालात न्यायालयानं हेच म्हटलंय, की जखमी माणसाला हस्तांतरांच्या साखळीचा माग काढायला लावू नये. बाबांनी त्या दिवशी त्याच्या आईला दोन केळी दिली आणि येताना गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा विकणाऱ्यांनी ऐका. खरेदीदार त्याच राज्यातला असेल तर १४ दिवसांत आरटीओला विक्री कळवायची जबाबदारी तुमची आहे. खरेदीदाराला अर्ज करायला ३० दिवस असतात, त्याच्यावर विसंबू नका. विमाही १४ दिवसांत नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. डीलरला गाडी देत असाल तर २०२३ च्या एप्रिलपासून नियम बदललेत. अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची नोंद २९ सी फॉर्मवर ऑनलाइन होते आणि तिथून जबाबदारी त्याची. तो अधिकृत आहे का, हे आधी विचारा. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या. आणि गाडी गेल्यावर महिन्याभरानं एम-परिवहन अॅपवर आपलाच जुना नंबर टाकून मालकाच्या नावाची अक्षरं बघा.

मागून चिठ्ठी आली आहे, जेवण तयार आहे म्हणून. एक सांगून थांबते. ज्याला जुनी गाडी बघायला जोडीदार हवा असेल त्यानं ग्रुपवर चाळीस मतं न मागवता मला फोन करावा. पुण्यात असेल तर रविवारी सकाळी मी येते. टॉर्च माझ्याकडे आहे आणि पत्र्यात कुठे लांबी भरलीय ते बघायला लोहचुंबकही आहे. नाश्ता तुमच्याकडे.