आधी विचारा, मग उघडा



दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी डॉज कंपनीनं पाऊण टनी 'वेपन कॅरियर' ट्रक बनवले. युद्धानंतर डिस्पोजलच्या मालात अशा गाड्या आपल्याकडे नागरी हातांत आल्या. इकडे कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९४७ मध्ये डॉज गाड्यांची जुळणी सुरू केली. त्यामुळे कुर्ला, घाटकोपर, मुलुंडच्या मिस्त्र्यांना डॉजचं इंजिन परकं राहिलं नाही.

आज असा एखादा ट्रक कुठल्या तरी शेडमध्ये वर्षानुवर्षं उभा असतो. हौशी मालक सेल्फ मारतो, गाडी चालू होत नाही. मग कॉइल बदला, प्लग बदला, कार्बोरेटर बदला, असं सुरू होतं. खिसा रिकामा होतो आणि गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. जुना मिस्त्री असं करत नाही. वृत्तात एक मात्रा चुकली म्हणून कोणी अख्खी कविता फाडत नाही, मात्रा मोजतो. मिस्त्रीही क्रमानं मोजतो.

पहिला प्रश्न : इंजिन फिरतं का? प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं आणि हँडलनं हळूच फिरवून पाहायचं. अडलं तर जोर लावायचा नाही. त्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, हँडब्रेक ओढलाय ना, हे बघायचं. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिननं उलटा झटका दिला, तर हँडलला वळसा घातलेला अंगठा मोडतो.

दुसरा प्रश्न : वीज पोचते का? ही गाडी सहा व्होल्टची. तिला जाड केबल लागते. कोणी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावली असेल, तर बॅटरी भरलेली असूनही सेल्फ रडत फिरतो. बॅटरीचे टर्मिनल आणि चासीवरची अर्थिंगची जागा घासून चकचकीत करायची.

तिसरा : ठिणगी पडते का? उभ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर बुरशीसारखा थर चढतो. तो साफ करून पॉइंटमध्ये सुमारे अर्धा मिलिमीटर फट ठेवायची. आपल्या पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते. ती पुसून कोरडी करायची. प्लगच्या वायरींचा क्रम १-५-३-६-२-४. दोन वायरी अदलाबदल झाल्या, तरी इंजिन नुसतं खोकत राहतं.

चौथा : पेट्रोल येतं का? टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल ओढतं आणि पंपातला जुना रबरी पडदा खराब करू शकतं. कार्बोरेटरपाशी नळी सोडून बाटलीत धरायची आणि इंजिन फिरवायचं. पेट्रोल ठोक्याठोक्यानं उडालं पाहिजे. मात्र त्या वेळी इग्निशन बंद हवं आणि जवळपास विडी-काडी नको. कार्बोरेटरच्या तोंडात वरून पेट्रोल ओतण्याच्या सवयीनं आग लागते.

हे सगळं ठीक असून गाडी गप्प राहिली, तर पाचवा प्रश्न : दाब आहे का? या इंजिनाचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला असतात. गाडी फार दिवस उभी राहिली की ते गंजून उघडेच अडकतात. प्लगच्या भोकावर बोट ठेवून कोणीतरी इंजिन फिरवलं, की हवा बोट ढकलते की नाही ते कळतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी चालवून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

नव्या गाडीचा दोष संगणक सांगतो. या ट्रकला संगणक नाही. त्याला हातानं, कानानं, नाकानं विचारावं लागतं. असं विचारणारे मिस्त्री आता थकले आहेत आणि त्यांचं ज्ञान कुठल्या पुस्तकात उतरलेलं नाही. तुमच्या वस्तीत असा एखादा मिस्त्री असेल, तर गाडीबरोबर एखादा शिकाऊ पोरगाही त्याच्याकडे पाठवा. गाडीचे सुटे भाग एक वेळ भंगारात सापडतील, पण प्रश्नांचा हा क्रम तिथे मिळणार नाही.