पत्र्याच्या गाडीला माळवदाचा गारवा



गाडीच्या पोटात घर कसं केलं ते सांग, असा तुमचा आग्रह, म्हणून उभा आहे. आईला लॉजवर झोप लागत नाही आणि काशीला तर जायचंय. म्हणून जुनी ट्रॅव्हलर घेतली.

मे महिन्यात परंड्यात पत्र्याखाली बसवत नाही, माळवदाखाली मात्र डोळा लागतो. तुळया-किलचणांवरच्या मातीच्या जाड थराची ती किमया. तेवढं ओझं गाडीला पेलत नाही, म्हणून ते काम हवेकडून करून घ्यायचं. बारीक पोकळ्यांत कोंडलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते.

थर्मोकोल स्वस्त, पण पेटतो. आणि आत आई झोपणार! मी एसीच्या नळ्यांवर असतो तो काळा रबरी फोम घेतला, आग पसरू न देणारा प्रकार मागून. पत्रा घासला, गंजरोधक रंग दिला, मग फोम घट्ट चिकटवला. फट राहिली, की थंडीत श्वासातली वाफ पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि गंज धरतो. लोखंडी फासळ्याही झाकाव्या लागतात, नाहीतर ऊन तिथूनच आत शिरतं. चंदेरी कागदापुढे बोटभर मोकळी जागा नसेल, तर तो नुसता शोभेचा. दुकानदार हे सांगत नाही. वरून 6 मिलिमीटरचं प्लायवूड, स्क्रूनेच बसवलेलं, म्हणजे वायर बिघडली तर उघडता येतं. छताला हवेची जाळी ठेवली.

आणि हो, आरटीओची परवानगी आधी, करवत नंतर.

गाडी बाहेर उन्हातच उभी केलीय. चहा झाला की दार लावून आत बसून बघा.