यंत्र मालकीचे, प्रणाली खंडाने



संगणक घेऊन दुकानातून बाहेर पडणारा ग्राहक आपण दोन वस्तू विकत घेतल्या असे समजतो : एक यंत्र, आणि दुसरी ते यंत्र चालविणारी कार्यप्रणाली. वस्तुतः मालकी मिळते ती पहिल्याच वस्तूची. दुसरीच्या वापराचा केवळ परवाना त्याच्या पदरात पडतो आणि त्याच्या अटी त्याने बहुधा न वाचताच मान्य केलेल्या असतात. यंत्राचा एखादा भाग बदलला, किंवा जुन्या प्रणालीच्या जागी नवी घालण्याची वेळ आली, म्हणजे हा फरक उघडा पडतो.

फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणक-वापरकर्त्यांना अनावृत पत्र लिहून, प्रोग्राम फुकट नकलून घेणे ही चोरी आहे, असे बजावले. श्रमाचे मोल मागण्यात गैर काहीच नव्हते. प्रोग्राम लिहिणाराही श्रमिकच आहे. परंतु पुढे जे उभे राहिले ते श्रमाच्या मोलापाशी थांबले नाही. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीबरोबर 'ॲक्टिव्हेशन'ची सक्ती आणली. पंचवीस अक्षरांची किल्ली भरावयाची, यंत्राच्या भागांवरून सिद्ध झालेला क्रमांक कंपनीकडे जावयाचा, आणि तीस दिवसांत मान्यता न घेतल्यास दार बंद. (१९९१ मध्ये सरकारी परवाना-राज मोडीत निघाले म्हणून ज्यांनी पेढे वाटले, त्यांना हे खाजगी परवाना-राज मात्र खुपले नाही.)

२०१५ साली विंडोज १० आली तेव्हा विंडोज ७ आणि ८.१ च्या ग्राहकांना ती एक वर्ष विनामूल्य देण्यात आली. किल्लीची कटकट संपली. यंत्राची ओळखच कंपनीच्या दप्तरी 'डिजिटल परवाना' म्हणून नोंदली जाऊ लागली. सोय खरीच होती. परंतु मदरबोर्ड बदलला की कंपनीच्या लेखी ते यंत्र नवे ठरते. येथे परवान्यांतील जातिभेद कळतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. यंत्राबरोबर आलेला परवाना त्या यंत्राबरोबरच संपतो. निर्मात्याने सदोष बोर्ड बदलून दिला तर गोष्ट वेगळी. मात्र स्वस्तात संगणक घेणाऱ्याच्या, म्हणजे शाळा, वाचनालये, युनियनच्या कचेऱ्या यांच्या वाट्याला बहुतेक हा दुसराच परवाना येतो, आणि त्याची किंमत यंत्राच्या किंमतीत मुरलेली असल्याने ती कोणाला दिसतही नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. प्रणाली बंद पडली नाही. सुरक्षेची डागडुजी तेवढी थांबली. वैध परवानाधारकाला विंडोज ११ विनामूल्य होती. जुना परवानाच पुढे चालत होता. अट मात्र यंत्रावर घातली गेली : टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतील हवा. परिणामी परवाना खरा, यंत्र धडधाकट, तरीही प्रवेश नाही, अशी असंख्य संगणकांची गत झाली. घरगुती ग्राहकांना एका वर्षाची मुदत मिळाली, ती तीस डॉलर भरून अथवा आपली मांडणी कंपनीच्या खात्यात साठवून. युरोपात ग्राहक संघटनेने तक्रार केल्यावर तेथील अटी सैल झाल्या. एकेकट्या ग्राहकाला जे मिळाले नसते ते संघटित ग्राहकांना मिळाले, ही नोंद महत्त्वाची आहे.

कसेल त्याची जमीन, हे तत्त्व महाराष्ट्राला कूळकायद्याने परिचित आहे. संगणकाच्या क्षेत्रात १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये लिनक्स आली. ही प्रणाली वापरावी, तपासावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. ॲक्टिव्हेशनची परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही, आणि विंडोज ११ ने नाकारलेल्या पुष्कळ यंत्रांवर ती उत्तम चालते. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण याच पायावर उभे केले.

मराठी कचेऱ्यांपुढे एक अडचण राहते. वर्षानुवर्षांची पत्रके आणि अंक जुन्या जुळणी-सॉफ्टवेअरच्या खास अक्षरवळणांत बंदिस्त आहेत. ते सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, काही ठिकाणी तर संगणकाला डोंगल लावल्यावाचून उघडतही नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेण्याचे काम जुनी प्रणाली चालू आहे तोवरच करावे लागेल.